मागासोबत जळालेला कागद

आमच्या मोहल्ल्यात एका बाईच्या अंगात यायचं. एकदा ती घुमून राहिली होती, सगळे हात जोडून बसले होते, तेव्हा मी तिच्या डोक्यावर बादलीभर थंड पाणी टाकलं. अंगात जे काय होतं ते निघून गेलं आणि बाई मले शिव्या देत सुटली. तर मी असा माणूस आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणू नये की म्हातारा पहिल्यापासूनच भोळा होता.

शिक्षण चौथी. हे मी वहीत लिहिलं, पोरीनं मोबाईलवर उतरवलं. तिले म्हटलं, शुद्धलेखन सुधार, पण माझं बोलणं सुधारू नको.

घर भंडाऱ्यात, विणकरांच्या गल्लीत. समोरची खोली मागाची. खड्डा माग... जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. आधी आम्ही दोघं बसायचो, मी आणि माझी बायको शेवंता. माझी नजर अधू झाली तशी ती एकटीच बसू लागली.

एक गोष्ट समजून घ्या, पुढं लागते. मागावर एक ताणा, म्हणजे उभे धागे, संपला की नवा ताणा जोडावा लागतो. जुन्या धाग्याचं टोक, नव्या धाग्याचं टोक, एकेक करून हजारो. त्याले सांधणी म्हणतात. गाठ मारायची नाही. बोटं राखेत बुडवायची, दोन्ही टोकं धरायची आणि अंगठ्यानं पीळ द्यायचा. राखेमुळं धागा सरकत नाही. शेवंताच्या बाजूले राखेची करवंटी कायम असायची. तिची सांधणी हातानं ओढली तरी सुटत नसे. तिच्या उजव्या अंगठ्यावर एक आडवा वण होता. लग्न होऊन आली त्याच साली मागाच्या फणीची काडी आत घुसली होती, त्याचा.

आता पोरीचं. सुषमा, एकुलती एक. एम.ए. झाली, टायपिंग झालं, कॉम्प्युटरचा कोर्स झाला. लग्नाचं काढलं की म्हणे, "नोकरी लागू द्या बाबा, मंग." मंग काय, फॉर्मच भरत राहिली. घर भंडाऱ्यात आणि परीक्षेचं सेंटर लागायचं अमरावतीले. एका परीक्षेचा पेपर फुटला, रद्द. एकीचा निकाल अजून लागून राहिला आहे. एका खाजगी शाळेत तीन वर्षं शिकवलं, दरवर्षी म्हणायचे पुढच्या वर्षी परमनंट करतो. केलं, पण संचालकाच्या भाचीले.

गल्लीतल्या बाया नळावर भेटल्या की विचारत, "काय शेवंताबाई, लागली का पोरगी?"

शेवंता म्हणायची, "लागन तवा पयला पेढा तुमच्याच घरी येईन. तोपर्यंत तोंड उघडं ठेवा."

पण घरात आली की पाणी न पिता मागावर बसायची. तेव्हा ठोके जोरात पडायचे. मी समजून जायचो, आज कोणीतरी विचारलं.

घरातले कागद तिच्याकडं असत. ट्रंकेले उधई लागून माझं अर्धं रेशनकार्ड खाल्लं, तेव्हापासून ती कागद कुठं ठेवते ते मी विचारलं नाही. मार्कशीटा सुषमाच्या फाईलमध्ये असत, त्या सारख्या लागत. पण जात पडताळणीचा दाखला, ज्याले सगळे व्हॅलिडिटी म्हणतात, तो तिनं वेगळा ठेवला होता. तो मिळवायले आम्हाले चार वर्षं लागली होती. पणजोबाच्या शाळेचं नाव शोधा, महसुली नोंद शोधा... ते वेगळं रामायण आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात शेवंता गेली. छातीत पाणी झालं होतं. नऊ दिवस दवाखान्यात होती. मागावर साडी अर्धी राहिली.

पाऊस थांबत नव्हता. लाकडं आणली ती ओली. घाटावर ओल्या लाकडावर बायकोले नेऊन ठेवायचं का? मी घरात गेलो, कुऱ्हाड घेतली आणि माग फोडला. कोरडं, जुनं सागवान. माझ्या बापाच्या हातचं.

नामदेव म्हणजे माझा शेजारी. तोही विणकर. त्यानं माझा हात धरला. "गणपतभाऊ, माग कोणी जाळते का? विणकराचा माग जळत नसते."

"विणणारी जळून राहिली ना? मंग माग कोणासाठी ठेवू? तुयासाठी?"

त्यानं हात सोडला. विणलेलं कापड ज्याच्यावर गुंडाळतात तो लाकडी रूळ मी मुद्दाम शेवटी ठेवला, तिच्या अर्ध्या साडीसकट. चाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांसाठी विणलं. म्हटलं, ही तरी तिच्यासोबत जाऊ दे.

वैनगंगेच्या घाटावर, कारध्याकडं. रुळानं पेट घेतला तेव्हा काळं प्लास्टिक थेंब थेंब गळायले लागलं, वास सुटला. नामदेव म्हणाला, "प्लास्टिक कायले टाकलं गा?" मी म्हटलं, "धाग्याचं असन." मग आतून एक कागद उलगडला. मी पाहिला. वरच्या कोपऱ्यात फोटोएवढा चौकोन दिसला, कागद तपकिरी झाला, काळा झाला, आणि वाऱ्यानं फुटला. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कागद जळताना पाहिला आणि कशाचा कागद हे विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख नदीत सोडून आलो. सुषमा रिकाम्या मागाच्या खड्ड्याजवळ उभी होती.

"बाबा, रूळ कुठं आहे?"

"जाळला."

"त्याच्यावरचं कापड?"

"त्याच्यासंगंच."

ती खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "व्हॅलिडिटी त्याच्यात होती बाबा. माय दरवेळी नवीन कापड सुरू करताना पयल्या वेढ्यात ठेवत होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. म्हणे, कापडात हाय तोवर उधई लागत नाही. आणि बाप विकून खात नाही."

शेवटचं वाक्य ती हसत बोलायले गेली. जमलं नाही तिले.

त्यानंतरची दोन वर्षं डुप्लिकेटमागं गेली. कचेरीबाहेर लिंबाखाली अर्ज लिहून देणारा एक म्हातारा बसतो. त्यानं विचारलं, "कागद कुठं हरवला?"

मी म्हटलं, "चितेत."

त्यानं पेन खाली ठेवलं. "काकाजी, असं लिहिता येत नाही. बसमध्ये हरवला लिहू."

मग बसमध्ये हरवला. अर्ज इथून तिथं गेला, तिथून वर गेला. मोबाईलवर पाहिलं की एकच शब्द — प्रलंबित. त्यात एका भरतीत सुषमाचं नाव आलं आणि मूळ कागद नाही म्हणून तिले परत पाठवलं. त्या दिवशी घरी येऊन तिनं स्वयंपाक केला, मले वाढलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवा. मी रागात नाही." रागावली असती तर बरं झालं असतं. मी ताट तसंच ठेवलं.

यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा एका भरतीत नाव लागलं. कारकुनाची जागा, सरकारी. सरकारी नोकरीले जी वयाची अट असते ती सुषमा दिवाळीत ओलांडणार होती. म्हणजे ही शेवटची. कागद तपासणीची तारीख आली. डुप्लिकेट आलं नाही.

सकाळी आम्ही खड्ड्यावरच्या फळीवर सगळे कागद मांडले. खड्डा मी बुजवला नाही, वर फळी टाकली आहे. सुषमा यादी वाचायची, मी कागद हातात घेऊन तिले द्यायचो. दोनदा केलं. व्हॅलिडिटीच्या ठिकाणी झेरॉक्स, शपथपत्र आणि अर्जाची पोच. एवढंच. फाईलची नाडी मी बांधली. ऑटोत फाईल माझ्या मांडीवर होती. कचेरीत दहापासून तीनपर्यंत बसलो, तेव्हाही मांडीवर. पाणी प्यायले उठलो नाही. बिडीलेही नाही.

रांगेत लाखांदूरची एक बाई होती. म्हणाली, "काकाजी, तुम्ही बी उमेदवार का?"

"व्हय. वयात सूट भेटली मले."

ती हसली. मग म्हणाली, तिची ही सातवी तपासणी. सहा वेळा कागद बरोबर निघाले. "कागदाले नोकरी लागली असती तं कवाचीच लागली असती जी."

नंबर आला. टेबलामागं एक मॅडम. सुषमानं माझ्या हातातून फाईल घेतली, नाडी सोडली, पुढं ठेवली. मॅडम एकेक कागद उलटत होत्या, टिक करत होत्या.

"व्हॅलिडिटी?"

सुषमा म्हणाली, "मॅडम, ओरिजिनल हरवलं आहे, डुप्लिकेटसाठी अर्ज केला आहे, त्याची पोच..."

"मग हे काय आहे?"

मॅडमनं झेरॉक्सखालून एक कागद काढला. शिक्का, सही, कोपऱ्यात सुषमाचा फोटो. टेबलावर ठेवला तर तो गुंडाळला गेला, जसा खूप दिवस काठीभोवती गुंडाळलेला कागद गुंडाळला जातो. त्यांनी एका टोकावर स्टेपलर ठेवला. दुसरं टोक वर आलं. त्याच्यावर पंच मशीन ठेवली.

"ओरिजिनल असं ठेवतात का हो? आणि ही राख कशाची? देवघरात ठेवला होता?"

सुषमा माझ्याकडं पाहू लागली. त्यांनी मोबाईलनं कोड पाहिला, नंबर जुळवला, टिक केली. "ओके आहे. पुढचे कोण?"

बाहेर जिन्याखाली सुषमानं माझं मनगट धरलं. "बाबा, तुम्ही ठेवला का? खरं सांगा. तुमच्याकडंच होता का दोन वर्षं?"

"मी तं जाळला वो माय. ह्या डोळ्यांनी जळताना पायला."

मग आम्ही तो कागद उघडून धरला. समोरून एक अंगठा, मागून दोन बोटं. राखेचे. सांधणीत धागा धरतात तशी पकड. सुषमानं आपला अंगठा त्यावर न टेकवता वर धरून पाहिला. तिचा अंगठा लहान पडला. आणि राखेच्या त्या ठशात मधून एक आडवी रेघ कोरी होती.

तो अंगठा मी चाळीस वर्षं पाहिला आहे. मले कोणी शिकवू नये.

आणि आमच्या घरी राख नाही. गॅस आहे. आमच्या घरची शेवटची राख मी स्वतः वैनगंगेत सोडली होती.

नामदेवले सांगितलं. तो म्हणाला, "गणपतभाऊ, डुप्लिकेट आलं असन, पोरीनं ठेवलं असन, तुमाले दिसत नाही." सुषमानं त्याले मोबाईल दाखवला. प्रलंबित. आजही प्रलंबितच आहे. मग मी त्याले कागद दाखवला, तर त्यानं हात मागं घेतला. घाटावर प्लास्टिकचा वास त्यालेही आला होता. त्या दिवसापासून तो ह्या गोष्टीवर बोलत नाही. मले वेडा म्हणाला असता तर चाललं असतं.

तुम्ही म्हणाल, मग शेवट गोड झाला. थांबा.

निवड यादीत सुषमाचं नाव आलं. मी पेढे घेतले, त्या नळावरच्या बायांकडं पहिले गेलो, शेवंतानं सांगितलं होतं तसं. नंतर कोणीतरी कोर्टात गेलं. भरतीले स्थगिती. मग एक पत्रक आलं, तांत्रिक कारणामुळं प्रक्रिया रद्द, नवीन जाहिरात येईल. तोपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. सुषमाचं वय भरलं.

ती आता साकोलीले एका कॉम्प्युटरच्या दुकानात काम करते. सकाळच्या बसनं जाते. तिथं दुसऱ्या पोरापोरींचे नोकरीचे फॉर्म भरून देते. संध्याकाळी येऊन सांगते, आज इतक्या लोकांचे भरले, आज सर्व्हर बंद होता. कधी कधी म्हणते, "एक पोरगी आली होती बाबा, तिच्याकडं सगळे कागद होते."

तो कागद घरात आहे. तिनं इस्त्री केली, जड पाट्याखाली ठेवला. काढला की परत गुंडाळतो. राखेचे ठसे तिनं पुसले नाहीत, मी पुसू देणार नाही.

ह्याचा उलगडा मले झाला नाही. शेवंता मले माफ करायले आली होती, की काय करून बसलास हे दाखवायले, तेही कळलं नाही. मी भूत मानत नव्हतो आणि आजही अंगात आलेल्या बाईवर पाणीच टाकीन. पण एवढं म्हणतो... जळून गेलेली बाई जळालेला कागद घेऊन नदीवरून इथपर्यंत आली. आणि ह्या जित्या लोकांले एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर एक कागद नेता आला नाही.

नामदेवच्या घरी अजून चूल आहे. मी त्याच्याकडून राख आणतो, करवंटीत भरतो आणि खड्ड्यावरच्या फळीवर ठेवतो, जिथं ती ठेवायची तिथंच. नियुक्तीचा कागद राहिला आहे ना. तिले लागली राख, तर असावी.

रोज सकाळी सुषमा बसले गेली की जाऊन पाहतो. अजून बोट उमटलं नाही.