जाड टायरची सायकल आणि माझा डावा हात

माझा डावा हात माझ्या आधी उठतो. लहानपणापासून हे असंच आहे. डोक्यात काही यायच्या आत समोरच्याचं थोबाड फुटलेलं असतं, आणि मग मला कळतं की आपल्याला राग आला होता. जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराच्या यार्डात मी अठरा वर्षं काढली. तिथं या हाताला उलट मानच मिळाला. दिवसभर लोखंड आदळतं, माणसं बोलायचं म्हणजे ओरडतात, आणि गेटवर आठवड्यातून एकदा तरी कुणाची तरी कॉलर फाटते. माझे दोन दात तिथंच पडले.

आमचं घर वडीगोद्रीजवळच्या एका गावात आहे. मी आठवडाभर एमआयडीसीतल्या खोलीवर राहायचो आणि सुट्टीला गावी यायचो. अशाच एका सुट्टीच्या सकाळी, उसाचा हंगाम जोरात असताना, माझी मुलगी सायकलवर कॉलेजला निघाली. ती तेव्हा अकरावीला होती आणि सायकल तिच्या मामाची, जुनी. मीही मोटारसायकल घेऊन दाढी करायला त्याच रस्त्यानं निघालो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि पोरीनं सायकल सरळ उजवीकडे, ट्रॅक्टरच्याच अंगावर घातली. ती कडेच्या मुरमावर फेकली गेली. कोपर आणि गुडघे सोलले, बाकी ती धड होती. सायकल मात्र ट्रॉलीखाली चपटी झाली.

मी ड्रायव्हरला शर्टाला धरून खाली ओढला. बारीक अंगाचा, माझ्यापेक्षा लहान माणूस होता. पहिला फटका नाकावर बसला आणि रक्त त्याच्या ओठांवरून हनुवटीवर आलं. दुसऱ्या फटक्याला तो ट्रॉलीच्या चाकावर आपटला. तिसऱ्यासाठी मी हात मागे घेतला, तेव्हा तो दोन्ही हात डोक्यावर धरून ओरडला, "भाऊ, हॉर्न दिल्ता मी! बराबर दिल्ता! पोरगीच माझ्या अंगावर वळली. ऐकू येत न्हाई का तिला?"

माझा हात तिथंच राहिला. पोरीचा उजवा कान गेलेला आहे. एकाच कानानं ऐकणाऱ्याला प्रत्येक आवाज त्याच बाजूनं आल्यासारखा वाटतो. हॉर्न उजवीकडून आला, तिला तो डावीकडून आल्यासारखा वाटला, आणि गाडीला वाट द्यायला म्हणून ती उजवीकडे सरकली. तिच्या हिशेबानं ती बरोबरच वळली होती आणि ड्रायव्हरचाही काही गुन्हा नव्हता. कॉलर धरायचीच तर मला माझी धरायला पाहिजे होती, कारण तो कान मी फोडलेला आहे.

ती नऊ वर्षांची होती. तेव्हा आम्ही तिघंही एमआयडीसीतल्या त्या एका खोलीत राहायचो. रात्रपाळी करून मी सकाळी येऊन झोपलो होतो. ती पातेलं पालथं घालून दोन चमच्यांनी वाजवत बसली होती. एकदा मी झोपेतच ओरडलो. ती थांबली, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली. मी उठलो ते मला आठवत नाही. ती दाराच्या चौकटीवर जाऊन आदळली ते आठवतं, आणि चमचा फरशीवर गरगर फिरत राहिला तेही आठवतं. संध्याकाळी तिच्या कानातून पिवळसर पाणी मिसळलेलं रक्त आलं. पडदा फाटला होता, पुढं आत पू झाला आणि कान कायमचा गेला.

डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? बायको खाली बघत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. पोरगी म्हणाली, "सायकलवरून पडले." तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं, शाळेत आम्ही तेच सांगितलं, नातेवाइकांना तेच सांगितलं. आठ वर्षं मी त्या एका वाक्याच्या आडोशाला सुखानं राहिलो.

ट्रॅक्टरच्या त्या प्रकारानंतर बायकोनं फर्मान काढलं. "रोडनी जाणार न्हाई माझी पोरगी. घरी बसंल, पन ट्रॉलीखाली जाणार न्हाई. झालं तेवढं शिक्षण बास." माझ्यासमोर आवाज न चढवणारी बाई, पण त्या दिवशी तिनं पोळपाट असा आपटला की त्याचा एक पाय निघाला.

पोरगी म्हणाली, "मंग कॅनॉलच्या पाळंनी जाते ना. तिथं गाड्याच न्हाईत."

खरंच नव्हत्या. पण ती पाळ म्हणजे कॅनॉलकाठचा मातीचा बांध, काही रस्ता नव्हे. कुठं मुरूम, कुठं पावसानं कापलेले चर, मध्ये एक खदानीची टेकडी, आणि सगळीकडे वेड्या बाभळीचे काटे. साधी सायकल तिथं चार दिवस टिकली नसती. जाड टायरची, गिअरची, डोंगरात चालवतात तसली सायकल हवी होती. सायकल मिळाली तर कॉलेज, नाही मिळाली तर चूल, असा सरळ मामला होता. माझ्याकडे आठ हजार होते. वर एक रुपया नाही म्हणून मी आधीच सांगून टाकलं.

पोरगी मोबाईलवर बघून बघून तयार झाली होती. दांड्यावर पाय टाकून उभं राहिलं की दांडा आणि अंग यांच्यात चार बोटं जागा पाहिजे. चढाला हलका गिअर पाहिजे. टायरची नक्षी खोल पाहिजे. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला फक्त लोखंड कळतं. मी खिशात यार्डातली छोटी हातोडी टाकली आणि आम्ही दोघं जालन्याला निघालो.

पहिल्या दुकानात नव्या कोऱ्या सायकली ओळीनं लटकवलेल्या होत्या. दुकानदारानं एक लालभडक सायकल काढली. पुढं शॉकर, मागं शॉकर, आणि किंमत आमच्या आवाक्यातली. शॉकर बघितला आणि माझी मान आपोआप खांद्यात गेली. भंगारात बंद नळी आली की लोखंड वितळवायच्या भट्टीत जायच्या आत ती बाजूला काढायची, हे माझं काम. एकदा मोटारसायकलचा एक शॉकर माझ्या नजरेतून सुटला आणि भट्टीत गेला. आतल्या तेलाचा भडका उडाला, वितळलेलं लोखंड छताला लागलं आणि खाली पावसासारखं पडलं. भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा शर्ट मी ओढून काढला, तेव्हा त्याच्यासोबत खांद्याची कातडीही निघाली. त्याचं ते ओरडणं मी अजून विसरलेलो नाही.

"ह्याच्यात काय भरलंय?" मी दुकानदाराला विचारलं.

पोरीला हसू आलं. "पप्पा, मी काय भट्टीत चालले का?" मग तीच दुकानदाराला म्हणाली, "पन मला बी नको. एवढ्या पैशात मिळणारा शॉकर म्हणजे नुसतं वजन. चढाला मलाच ओढावं लागंल. शॉकर नसलेली दाखवा, टायर जाड पाहिजे."

शॉकर नसलेली त्याच्याकडे होती, पण बारा हजारांची. आम्ही बाहेर पडलो.

मग एमआयडीसीच्या बाजूला जुन्या सायकली विकणाऱ्या एकाकडे गेलो. तो मोठा गोडबोल्या होता, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. सायकल हलकी होती, गिअर बटर लावल्यासारखे पडत होते. पोरीचा चेहरा खुलला. मी सायकल सीटला धरून उचलली आणि हातोडीनं एकेक दांडा हळू वाजवत गेलो. सलग लोखंड खणकन बोलतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. यात मी सहसा फसत नाही. हँडलच्या खाली, गळ्यापाशी, आवाज बद्द आला. तिथं एक स्टिकर चिकटवला होता. नखानं सोलला. खाली तडा, त्यात पुट्टी भरलेली, वरून रंग.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीनं ही सायकल टेकडीच्या उतारावर सोडली असती तर गळा तुटून ती तोंडावर आपटली असती. मी त्या माणसाला भिंतीला लावला. कपातला चहा त्याच्या पँटवर सांडला. उजव्या हातात त्याची कॉलर होती, डाव्या हातात हातोडी, आणि तो हात वर गेलेला होता. त्याचे डोळे एवढे मोठे झाले होते. खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात माझी नजर पोरीकडे गेली. ती दोन पावलं मागे सरकून उभी होती आणि तिनं उजव्या कानावर तळवा घट्ट दाबून धरला होता. तिला कुणी मारत नव्हतं. तो कान मेलेला होता, त्याला आता काही होण्यासारखं राहिलंच नव्हतं. तरी माझा हात वर गेला आणि तिनं तो कान झाकला.

मी हातोडी खाली घेतली. कॉलर सोडली. मला माझी किळस आली, दुसरा शब्द नाही. गावी येईपर्यंत मोटारसायकलवर ती मागे कॅरिअरला धरून बसली होती.

पुढच्या सुट्टीला वडीगोद्रीत, हायवेच्या कडेला पंक्चर काढणाऱ्या चाचांनी निरोप धाडला. रस्त्याच्या कामावर आलेला कुणी इंजिनिअर बदली झाल्यावर एक सायकल त्यांना विकून गेला होता. आम्ही गेलो. दिसायला सायकल अगदीच गबाळी. हिरवा रंग जागोजागी उडालेला, शॉकर नाही, डिस्क ब्रेक नाही, मागे सात गिअर. पण दांडे जाड आणि लोखंडी होते. पोरगी दांड्यावर पाय टाकून उभी राहिली, चार बोटं मोजली, आणि तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. दोन्ही टायर नवे टाकून चाचा सात हजारांत द्यायला तयार होते.

मी हातोडी तिच्या हातात दिली. म्हटलं, "या बारीला तू वाजव."

तिनं मान वाकडी करून डावा कान दांड्याजवळ नेला आणि टक् करून मारलं. ऐकलं. मग पुढचा दांडा. हायवेवरून ट्रक जात होते, ते जाईपर्यंत ती थांबायची आणि मग पुन्हा मारायची. मी यार्डात एवढ्या सबुरीनं कधी काम केलं नाही.

चाचा कौतुकानं बघत होते. "बेटी, एकाच कानानं काय ऐकून राह्यली?"

मी म्हणालो, "उजव्या कानानं ऐकू येत न्हाई तिला. लहानपणी सायकलवरून पडल्ती." आठ वर्षांची सवय. वाक्य तोंडातून आपोआप बाहेर आलं.

पोरगी थांबली नाही. तिनं गळ्यापाशी एकदा मारलं, आवाज नीट ऐकून घेतला, आणि वर न बघता म्हणाली, "तवा आमच्या घरात सायकलच न्हवती, चाचा."

चाचांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या हाताकडे. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवला. पोटच्या पोरीनं परक्या माणसासमोर मला उघडं पाडलं होतं, आणि माझ्या हाताला दुसरं काही येतच नाही. मी तो पँटच्या खिशात कोंबला आणि तिथं मूठ इतकी आवळली की नखं तळव्यात रुतली.

"मी मारल्तं," मी म्हणालो. "ह्याच हातानं."

पोरीनं हातोडी माझ्यासमोर फळीवर ठेवली आणि म्हणाली, "सायकल चांगली हाय. कुठंच तडा न्हाई." चाचांनी फडक्याला हात पुसले आणि ब्रेकचे रबर त्यांच्याकडून नवे टाकून देतो म्हणाले. पैसे घेताना त्यांनी माझ्याशी नजर मिळवली नाही.

त्याच दुपारी आम्ही कॅनॉलच्या पाळेवर गेलो. ती सायकलवर, मी मागे पायी. मुरमात टायर करकर आवाज करत होते. चर आला की ती सीटवरून उठायची, पॅडलवर उभी राहायची आणि पार व्हायची. टेकडीच्या चढाला मी धापा टाकत राहिलो आणि ती वर पोचलीसुद्धा. मग उतारावर पुढचं चाक सैल मुरमात घसरलं आणि ती सायकलसकट बाभळीच्या झुडपात गेली.

मी धावत खाली पोचलो. ती काट्यांत बसलेली होती. कोपरातून रक्त गळत होतं, केसांत काड्या अडकल्या होत्या, आणि ती हसत होती.

"आता डॉक्टरनी विचारलं ना पप्पा," ती म्हणाली, "तर खरं सांगता येईल. सायकलवरून पडले."

मी तिला उठवायला हात पुढं केला. नेहमीसारखा डावाच आधी गेला. तिनं त्याच्याकडे क्षणभर बघितलं, सायकलचा दांडा धरला, आणि ती आपली आपण उठली.