कोठाराला अजून दोन फेऱ्या

केशोरीत खुशालला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. तो मनिरामचा जवाई होता. गिरणीच्या दारात धानाची चुंगडी डोक्यावरून उतरवत बायका म्हणायच्या, ‘जवाई, माझं पहिले काढून द्या, घरी पाहुणे हायेत.’ लग्नाला सात वर्षं झाली, मुलगी खुशबू शाळेत जायला लागली, तरी तो गावाचा जवाईच राहिला. आणि जवाई म्हटला की मान आलाच. सासू अनुसयाबाई त्याला पहिलं वाढायची. त्यानं भातावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून एक वाढ पडायचीच. जेवून ताट उचलायला गेला की ती ते हातातून काढून घ्यायची. मनिराम तर त्याला कधी चुकूनही अरे-तुरे बोलला नाही. जवाई, मोटरचा आवाज बदलला, जरा पाहून घ्या. जवाई, आज सौंदडले जाऊ नका, आभाळ भरून राहिलं. इतक्या मानानं सांगितलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं, हे खुशालला कधी जमलं नाही.

सौंदडला त्याचं घर होतं, म्हणजे वडलांचं. तो तीन भावांतला धाकटा. घरची शेती थोरल्या दोघांनाच पुरत नव्हती. त्यानं बी.ए. केलं, गोंदियात राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि नोकरी शोधत असताना मनिरामचं स्थळ आलं. एकुलती मुलगी दुर्गा, धानाची शेती आणि घराला लागून भात काढायची गिरणी. घरजावई हा शब्द कुणीही तोंडातून काढला नाही. विहारात पांढऱ्या कपड्यांत लग्न लागलं, आणि जेवणं उरकल्यावर मनिरामनं व्याह्यांना सांगितलं की गिरणीचा जम बसेपर्यंत पोरगा इकडं राहील, मग दोघं पाहिजे तिथं जातील. जम कशाला म्हणायचं, ते कुणी विचारलं नाही.

अर्जुनी मोरगावातला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा मनिरामनं तिथला एक जुना कॉम्प्युटर विकत आणला. जवायाचं मन रमेल, असं तो दुर्गाला म्हणाला. पुढच्या खोलीत बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेबल मांडलं, अनुसयाबाईनं पडद्यावर घालायला क्रोशाचं झाकण विणलं. क्लासवाल्यानं जाताना एक खोकंभर सीड्या दिल्या होत्या. त्यातल्या एकीत तो खेळ निघाला.

खेळात सुरुवातीला काहीच नसायचं. काळ्या पडद्यावर हिरवा तुकडा, एक नदी आणि बिऱ्हाड घेऊन निघालेली चार माणसं. त्यांना कुठं तरी वसवायचं. मग त्या गावानं काय बनवायचं ते ठरवायचं: कोठार, भिंत, शिपाई की नवीन गाव वसवायला निघालेलं बिऱ्हाड. एकाचं काम झालं की पुढचं. घाई नव्हती. आपली फेरी आपण संपवल्याशिवाय दुसरं कुणी हलत नसे. खुशालला तेच फार आवडलं. गिरणीत सगळं लायनीच्या वेळेवर चालायचं. लोडशेडिंग संपून लाईन आली की चुंगड्या घेऊन गाव दारात. इथं मात्र तो अर्धा तास एका नदीकडं बघत बसला तरी जग त्याच्यासाठी थांबून राहायचं.

पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपल्यावर, गिरणीला काम कमी असायचं. त्या दुपारी खुशाल खेळायचा आणि दुर्गा मागं लाकडी पेटीवर बसून भाजी निवडायची. बारावीपर्यंत शिकली होती ती. पडद्यावरचं इंग्रजी तिला अर्धंमुर्धं कळायचं. एके दिवशी तिनं विचारलं की ते कोपऱ्यातलं मुठीचं चिन्ह कशाचं. खुशालनं सांगितलं, ते राज्य कसं चालवायचं त्याचं. सुरुवातीला हुकूमशाही असते. पुढं शिकत गेलं की राजेशाही येते, प्रजासत्ताक येतं. तिथं व्यापार वाढतो, लोक खूश राहतात.

“मग तुमचं अजून हुकूमशाहीच काऊन?”

खुशालनं समजावलं. बदलायचं म्हटलं की मधे चार फेऱ्या अंदाधुंदीच्या येतात. त्यात एकही गाव काही बनवत नाही, वसुली थांबते, लोक दंगा करतात. त्या चार फेऱ्यांत शेजाऱ्यानं हल्ला केला तर? म्हणून आधी कोठार, मग भिंत, मग बदल.

दुर्गा भाजीचे देठ मोडत राहिली. मग म्हणाली, “बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून हुकूमशाही चालवून राहिले. पाहून राहिले ते.”

तो हसला. पण हुकूमशाहीत आणखी एक सोय होती, ती त्यानं तिला सांगितली नाही. काम लवकर पाहिजे असेल तर घाईचं बटण दाबायचं. प्रजासत्ताकात घाईला पैसे पडतात. हुकूमशाहीत गावातला एक माणूस कमी होतो आणि भिंत उभी राहते. कुणी मरताना दिसत नाही. सहाच्या जागी पाच होतात, एवढंच.

ते मनिरामला दिसलं. एका दुपारी तो सुपारी कातरत मागं येऊन उभा राहिला, हे काय चालू आहे म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला. अक्षरओळख बेताची, पण शेती आणि गिरणी चालवलेला माणूस. नदीकाठची जमीन कोणती, लाकूड कुठून येतं, हे त्याला खुशालपेक्षा लवकर उमगलं. घाईचं बटण दाबलेलं पाहून त्यानं पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“एक माणूस गेला का?”

“हो मामा. पण पुन्हा वाढते. खायला असलं की वाढते.”

“मग बरं हाय,” मनिराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. तिसऱ्या दिवशी खुर्ची तिथंच राहिली. जवाई, पहिले कोठार घ्या. जवाई, तिकडं गाव वसवू नका, पाणी नाही तिथं. मानानंच सांगायचा, आणि बरोबर सांगायचा. खुशालच्या राज्याची भरभराट झाली. फक्त आता त्याचा हात तेवढा माऊसवर असायचा. एकदा त्यानं हळूच प्रजासत्ताकाची गोष्ट काढली. मनिरामनं चार फेऱ्यांचं ऐकून मान हलवली. चालू गाडं थांबवायचं कायले, असं त्याचं म्हणणं पडलं.

त्या दसऱ्याच्या सुमारास गोंदियाचा छोटेलाल गिरणीची मोटर पाहायला आला. गावोगावच्या मोटरी दुरुस्त करत फिरणारा माणूस. अर्जुनीत बसस्टँडजवळ त्यानं एक खोली घेतली होती आणि तिथं कॉम्प्युटरचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. टायपिंग, झेरॉक्स, पोरांचे अर्ज. चालवायला माणूस हवा होता. मनिराम विडी आणायला गेला तेवढ्यात तो खुशालला म्हणाला, “कमरा मेरा, हाथ आपका. आधा-आधा. पर दिवाली के पहले बोल देना भैया, दूसरा आदमी भी लाइन में है.”

खुशालनं ते रात्रीपर्यंत पोटात ठेवलं आणि दुर्गाला सांगितलं. सकाळी ती शिडी लावून माळ्यावर चढली आणि लग्नात आलेली भांडी खाली काढली. आईच्या घरात आईचीच भांडी चुलीवर चढतात. हिची सात वर्षं कागदात गुंडाळलेली होती. प्रत्येकावर नाव कोरलेलं: सौ. दुर्गा खुशाल. तिनं ती मागच्या मोरीवर चिंच लावून घासली, पुसली आणि एका पोत्यात भरून पोतं पलंगाखाली सरकवलं. अनुसयाबाईनं पाहिलं. त्या दिवशी तिनं वरणात दोनदा मीठ टाकलं.

तरी खुशालला विषय काढायला वेळ लागला. आधी हलक्या धानाची कापणी होती. मग मनिरामच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते झाल्यावर पट्टी निघेपर्यंत थांबणं भाग होतं. दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा दुर्गानं त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, आज जेवताना तुमी बोलले नाही तर मी बोलीन.

तो बोलला. मनिरामनं पूर्ण ऐकलं, पानातला भात संपवला, हात धुतला.

“जा ना,” तो म्हणाला. “तुमाले कोण अडवून राहिलं?”

मग तो गिरणीत गेला, मोटरवरचा पट्टा उतरवला, खुंटीला टांगला आणि अंगणात येऊन खाटेवर पडला. नवं धान घरोघरी येत होतं, ऐन हंगाम. चुंगडी घेऊन आलेल्या प्रत्येकाला तो पडल्या पडल्या एकच सांगायचा, जवाई जाऊन राहिले, गिरणी बंद. आवाजात राग नव्हता. सांगून झालं की कूस बदलायचा.

दुसऱ्या दिवशी ओटीवर चुंगड्यांची रांग लागली. लोक त्या ठेवून गेले, कारण इतक्या लांब परत कोण नेणार. हँडपंपावर बायकांनी दुर्गाला विचारलं की बापाच्या म्हातारपणी तुम्हाला अर्जुनीची हवा लागली का. अनुसयाबाईनं चूल पेटवली, भात केला आणि स्वतः जेवली नाही. खुशबू शाळेतून येऊन आजोबांच्या खाटेभोवती फिरत राहिली. खुशाल घरातून अंगणात, अंगणातून घरात. जेवायला मात्र पहिलं ताट त्याचंच वाढलं गेलं, आणि त्यावर एक वाढ जास्तीची.

“बंद तर बंद,” दुर्गा त्याला हळू आवाजात म्हणाली. “बाबा उठतीन. कामावरचा मंगरू हाय, पट्टा त्यालेही चढवता येते. तुमच्याच खेळात हाय ना, मधल्या चार फेऱ्या तोंड दाबून काढाव्या लागते? मग काढा.”

त्यानं मान हलवली. सोमवारच्या सकाळच्या बसनं अर्जुनीला जाऊन छोटेलालला हो सांगायचं ठरलं.

रविवारी दुपारी देवकाबाई आली. एकटी राहणारी म्हातारी. तिचं चुंगडं लहानसं, काखेत मावेल एवढं. मनिरामचं वाक्य तिनं ऐकलं आणि परत न जाता गिरणीच्या पायरीवर बसली. मागितलं काही नाही. पदरानं वारा घेत रस्त्याकडं बघत राहिली. तासाभरानं खुशालनं तिला पाणी नेऊन दिलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली की घरात दाणा नाही बापा, पण बसतो मी, मले काही काम नाही.

लाईन होती. तासाभरात जाणार होती. खुशालनं खुंटीवरच्या पट्ट्याकडं पाहिलं. हिचं एकटीचं, पाच मिनिटांचं काम. त्यानं पट्टा चढवला.

मोटरचा आवाज केशोरीत सगळीकडं जातो. देवकाबाईचा तांदूळ सुपात पडेपर्यंत दारात चार माणसं उभी होती, आणि ओटीवरच्या चुंगड्या कुणी तरी उचलून आत आणायला लागलं होतं. तो कुणाला काय सांगणार होता? ज्याचं धान तीन दिवस पडून आहे त्याला म्हणायचं का, म्हातारीचं काढलं पण तुझं नाही? लाईन गेली, पुन्हा आली, तो काढत राहिला. संध्याकाळपर्यंत कोंड्यानं त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या.

मनिराम खाटेवरून उठून आला. घमेल्यातला तांदूळ मुठीत घेऊन उजेडाकडं धरला, बोटांनी चाचपला.

“जवाई, दाणा तुटून कनकी जास्त पडून राहिली,” तो म्हणाला. “दाब थोडा कमी करा.”

खुशालनं दाब कमी केला.

सोमवारी सकाळची बस गेली. दुर्गा तयार होऊन बसली होती; बसचा हॉर्न ऐकू आला, लांब गेला, मग तिनं साडी बदलली. पुढच्या आठवड्यात कुणी तरी सांगत आलं की अर्जुनीत बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान लागलं, लाखांदूरचा कुणी पोरगा बसतो. दुर्गानं पोतं पलंगाखालून काढलं नाही. खुशालनंही त्याबद्दल विचारलं नाही. केर काढताना ती झाडू पोत्याच्या बाजूनं फिरवायची.

अशी आणखी चार वर्षं गेली. मनिरामचे गुडघे गेले. एका सकाळी त्यानं गिरणीच्या किल्ल्या खुशालच्या हातात ठेवल्या आणि म्हणाला की जवाई, आता सारं तुमीच पाहा. ठेवा, विका, काय करायचं ते करा. विकायची तर लाखांदूरकडचा एकजण घ्यायला तयार होता, हेही त्यानंच सांगितलं. खरं तर त्याला आता काहीच धरून ठेवायचं नव्हतं. खाटेवर पडून तो खुशबूकडून पुस्तकातले धडे वाचून घ्यायचा आणि त्यातच त्याचा दिवस जायचा.

त्या दुपारी गिरणीत काम नव्हतं. खुशाल कॉम्प्युटरपुढं बसला होता. तो जुनाच होता, सुरू व्हायला भाकरी भाजून होईल एवढा वेळ घ्यायचा. दुर्गा येऊन पेटीवर बसली. आज तिच्या हातात भाजी नव्हती.

“आता कोणाले विचाराचं नाही,” ती म्हणाली. “कधी निघाचं?”

खुशालनं तिच्याकडं पाहिलं. काय म्हणायचं ते त्याला माहीत असावं, कारण त्याला आठवावं लागलं नाही.

“रोवणी होऊ दे.”

दुर्गा पेटीवरून उठली. आत गेली. पलंगाखालून पोतं ओढल्याचा आवाज आला, भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला, आणि खुशालचा हात माऊसवर थांबला. त्याला वाटलं, ती भरते आहे. पण ती रिकामं करत होती. नाव कोरलेलं मोठं पातेलं तिनं विसळलं, त्यात आधण ठेवलं आणि आईच्याच चुलीवर चढवलं.

पडद्यावर त्याची बारा गावं होती, भिंतींची, कोठारांची. कोपऱ्यात मुठीचं चिन्ह. त्यानं बाण तिथं नेला, दाबलं. खेळानं नेहमीसारखं विचारलं, नक्की बदलायचं? खाली ‘हो’ आणि ‘नाही’. चुलीवर पाणी उकळायला लागल्याचा आवाज येत होता. त्यानं बाण ‘हो’वर ठेवला, आणि तेवढ्यात त्याला नदीकाठचं गाव दिसलं. तिथल्या कोठाराला अजून दोन फेऱ्या होत्या.

त्यानं ‘नाही’ दाबलं.