डावीकडचं पान

सुषमाचा फोन आला तेव्हा मी परभणीत आमच्या गच्चीवर वाळवण पालटत होते. "काकू, आई गेली," एवढंच ती म्हणाली. शकुंतला, माझी थोरली जाऊ, सगळ्या घरादाराची अक्का. गेले काही महिने आम्ही हे ऐकायची तयारी करत होतो म्हणा... पण अशी तयारी कुणाची होत नसते. पूर्णेच्या गाडीत बसले, पिंगळी मागे पडलं आणि रडू यायच्या ऐवजी मला एकदम हसूच आलं. अक्काचं एक वाक्य आठवलं होतं. ते पुढे सांगते.

दादा, म्हणजे अक्काचे यजमान, रेल्वेतून पूर्णेलाच निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. त्यांच्या घरी पंगत बसली की वाढायचा मान फक्त अक्काचा. मला भाताच्या पातेल्यालाही हात लावू द्यायची नाही. "तुझा हात आखडता हाय," असं चारचौघांत म्हणायची. मागच्या धोंड्याच्या महिन्यात सुषमाचे यजमान, नवे जावई, जेवायला आले. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, असा जावयाचा मोठा मान. सेलूहून त्यांच्या आई, म्हणजे विहीणबाईही आल्या होत्या. पंगतीत जावई मधोमध बसले. अक्का त्यांच्यासमोर वाकली, धोंडे वाढले, तूप सोडलं आणि उजवीकडे सरकत गेली. तिच्या डाव्या हाताला बसलेल्या विहीणबाईंच्या पानात ना धोंडा, ना तूप. दुसऱ्यांदा आली, पुन्हा तेच. विहीणबाई उठल्याच. "आमचं पान कोरडंच ठेवायचं व्हतं तर बोलावलं कशाला?" अक्का गोंधळून म्हणाली, "पण तुमी बसलात कधी?" झालं, आगीत तेल. त्या तशाच सेलूला निघून गेल्या आणि सुषमाचं माहेरी येणं बंद झालं. अक्काने तेवढं मात्र मनाला लावून घेतलं.

त्याच सुमारास सकाळी उठल्याबरोबर तिचं डोकं ठणकायचं, उलटी व्हायची. पित्त म्हणत तिने आवळा, सुंठ, सगळं करून पाहिलं. दाराची चौकट डाव्या खांद्याला लागायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून ती माझ्याकडे परभणीला आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला समोर त्यांच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही बाजूंना बोटं धरली. "बोट हललं की सांगा." उजवीकडचं अक्का पटापट सांगत होती, डावीकडे गप्प. शेवटी तीच वैतागली, "डॉक्टरसाहेब, तुमी बोट हलवायलाच न्हाईत." ते हलवत होते... मला दिसत होतं. एक डोळा झाकला, मग दुसरा, तरी तेच. डॉक्टर म्हणाले, "दोष चष्म्यात नाही, डोळ्यातही नाही. डोक्याचा एमआरआय करा, उद्यावर टाकू नका." मेंदूच्या उजव्या बाजूला, मागच्या अंगाला गाठ निघाली.

डोकं उघडावं लागणार म्हटल्यावर दादांचं अवसानच गेलं. अक्का म्हणाली, "उघडू द्या की. आत काय हाय ते तुमाला बी कळंल एकदा." हेच ते वाक्य.

नांदेडच्या सर्जनने आडपडदा ठेवला नाही. जेवढी धोक्याशिवाय निघेल तेवढी गाठ काढू, तपासायला पाठवू; वाईट जातीची निघाली तर किरणोपचार आणि गोळ्या, आणि तरीही ती परत येऊ शकते. गाठ वाईट जातीचीच निघाली. सुषमाने सासूला सगळं सांगितलं होतं. विहीणबाई दवाखान्यात आल्या, त्या नेमक्या पलंगाच्या डावीकडे उभ्या राहिल्या. अक्काला चाहूल लागली. "विहीणबाई हायत का? उजव्या अंगाला या. तिकडं बसलात तर परत उपाशी ऱ्हाल." दोघी हसल्या, मग दोघीही रडल्या.

डावीकडची नजर काही परत आली नाही. पण दवाखान्यात नजरेचा सराव करून घेणाऱ्या एका बाईंनी अक्काला मान पूर्ण वळवून बघायला शिकवलं आणि तिने ते जिद्दीने अंगवळणी पाडलं. सुषमाच्या मुलाच्या बारशाला तिने पुन्हा वाढायला घेतलं, ते डावीकडच्या टोकापासून, विहीणबाईंच्या पानापासून. एकही पान सुटलं नाही. मला तेव्हाही कोशिंबिरीपलीकडे काही वाढू दिलं नाही! बरं होणारच नव्हतं तर एवढे उपचार कशाला केलेत, असं विचारणारे अजून भेटतात. त्यांना मी ती पंगत सांगते. सुषमाचं माहेर उघडून देऊन माझी जाऊ गेली, हे काय थोडं झालं?

यंदा गाठ परत आली आणि अक्का घरीच, आमच्या सगळ्यांच्या देखत थकत गेली... तेराव्याला तिच्या नावचं पान विहीणबाईंनी वाढायला घेतलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर पानात डावीकडे असतात, हे वाढणाऱ्या कुणालाही ठाऊक. त्यांनी सगळंच्या सगळं उजवीकडे वाढलं. मीठ भाजीला खेटून, चटणी वरणाच्या वाटीला टेकलेली, आणि डावी बाजू मोकळीच. आमच्या आत्याबाईंनी टोकलं, "अहो, मीठ तिकडं असतंय."

विहीणबाईंनी हात थांबवला नाही. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आता कशाला मान वळवायला लावायची त्यांना?"