विवरातला मासा आणि पुण्याचं मेण

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. सीताबर्डीतल्या खोलीवरून सायकलनं जायचे. स्पिरिटच्या वासाची ती लॅब मला अजूनही आठवते, आणि तिच्यातला बोटभर मासाही.

आफ्रिकेत ज्वालामुखीच्या एका विवरात पाणी साठून तळं झालंय. तेवढ्या एकाच तळ्यात तो मासा सापडतो. विभागप्रमुख सरांना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यानं तो स्पिरिटच्या बरणीत घालून पाठवला होता. तळ्यातही आता थोडेच उरलेत, असं पत्र सोबत होतं. वर्षाच्या पहिल्या तासाला सर बरणी उचलून म्हणत, "जगात याला दुसरं घर नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

मी पुण्याची, त्यामुळे शहाणपण उतू चाललेलं. उन्हाळी सुटीआधी बरण्या स्पिरिटनं भरून बंद करायचं काम माझ्याकडे आलं. लॅबमधले म्हातारे काका म्हणाले, "मॅडम, बरण्या खाली ठेवा. मी रोज ओलं पोतं टाकत जाईन."

"पुण्याला झाकणं मेणानं बंद करतात. पोतं कशाला?"

"मेण काय करते इथं? नागपूरचा मे महिना आहे."

मी कसली ऐकते!

जूनमध्ये कपाट उघडलं तर मेण ओघळून फळीवर थिजलेलं आणि बरणीत मासा खडखडीत वाळलेला. भिजवायला गेले तर त्याचे तुकडे झाले. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

"काहून रडून राहिल्या, मॅडम?" काका म्हणाले. "सदरच्या बाजारातून चिलापीचं पिल्लू आणून देतो. याच्याच भावकीतली दिसते. कोणाले समजते?"

सांगायला लाज वाटते, पण मी हो म्हटलं.

पहिल्या तासाला सरांनी बरणी उजेडात धरली. जरा जास्तच वेळ धरली. मग नेहमीचं वाक्य नेहमीच्याच आवाजात म्हणाले. मागच्या बाकावर माझा जीव भांड्यात पडला.

तास संपल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"बाजारातला आहे ना?"

मी मान खाली घातली.

"नवीन आहात. पोरांपुढे तुमची फजिती नको, म्हणून बोललो तसं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजवर वर्गात कधी खोटं बोललो नव्हतो."

चांगले ओरडले असते तर बरं झालं असतं.