सात नंबरची डावी बाजू

जीपवाल्या काकांचं तिच्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं, तेव्हा ती साहेबांशी भांडत होती. तोवर वनखात्याच्या त्या कचेरीत ती असून नसल्यासारखीच होती. जंगलवाटांवर झाडांना बांधलेले कॅमेरे येणाऱ्याजाणाऱ्या जनावरांचे फोटो काढत. मागच्या खोलीत बसून, अंगावरच्या पट्ट्यांवरून कुठला वाघ कुठला, हे ती ठरवायची. नोकरी हंगामी. सगळे तिला 'पट्टेवाली' म्हणत आणि स्वतःच्याच विनोदावर हसत.

त्या दिवशी टेबलावर दोन फोटो होते. रानाच्या कडेला एक गाय मारली गेली होती. तिथे मिळालेला फोटो वाघाच्या डाव्या बाजूचा. दुसरा सात नंबरच्या वाघिणीचा, उजवीकडून. काटकसर म्हणून एका वाटेला एकच कॅमेरा, त्यामुळे सातची डावी बाजू कुणी पाहिलीच नव्हती. साहेबांनी यावर तोड काढली होती. गाईजवळचा फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर उलटा करून घेतला होता.

"बघ, तंतोतंत! कर सही. उद्या पिंजरा लावायचाय."

"साहेब, वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात. फोटो फिरवला म्हणून डावी बाजू उजवी होत नाही."

"आता तू मला वाघ शिकवणार?"

"वेळ आली तर शिकवीन की."

दारात चावी घेऊन उभ्या असलेल्या काकांना हसू दाबताना ठसका लागला.

"बाहेर गावातली वीस माणसं बसलीत माझ्या नावाने बोटं मोडत," साहेब म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. "सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या नाहीच येणार. पाणवठ्यावर जाणार आहे. चार दिवस द्या, तोवर गुरं बांधून ठेवायला सांगा. सातची दोन पिल्लं चार महिन्यांची आहेत. आई पिंजऱ्यात गेली की ती उपाशी मरतील, आणि कागदावर सही माझी असेल."

तिच्या सहीशिवाय कागद हलत नव्हता. साहेबांनी फाइल आपटली. "चार म्हणजे चार!"

पहाटे काकांनी जीप काढली.

"वाघिणीला काय कमी, रोज शिकार," ते म्हणाले.

"कसली रोज! दहादा झेप घ्यावी तेव्हा कुठे एकदा हाती लागतं. त्यासाठी पिल्लं झुडपात लपवून मैलोन् मैल चालायचं. आणि झाडांवर ओरखडे काढून ठेवायचे, की ही हद्द माझी, इथे पाऊल टाकू नका."

"म्हणजे आमच्या हिच्या स्वयंपाकघरासारखंच."

दुसऱ्या वाटेवरचा कॅमेरा काढून आणून तिने तो पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्याच्या बरोबर समोर बांधला. तिसऱ्या दिवशी सात आली आणि वाघांच्या सवयीप्रमाणे पाठमोरी, आधी बूड टेकत पाण्यात बसली. दोन्ही कॅमेऱ्यांनी तिला टिपलं. डाव्या खांद्यामागे बेचक्यासारखा फुटलेला पट्टा. गाईजवळच्या वाघाला तो नव्हता.

"मग गाय मारली कुणी?" साहेबांनी विचारलं.

तेही तिने जुन्या फोटोंतून हुडकून काढलं होतं. एक म्हातारा नर. तरण्या वाघाने त्याला हद्दीबाहेर हुसकलेलं, वरचा सुळा तुटलेला. हरीण आता त्याच्या आवाक्यात नव्हतं. त्याची डावी बाजू पट्टा न् पट्टा जुळली. त्याला पकडायच्या कागदावर सही करण्याआधी तिने त्याचा फोटो पुन्हा एकदा जवळ ओढून पाहिला. मग तिने सही केली आणि खाली एक ओळ लिहिली: 'यापुढे एका वाटेला समोरासमोर दोन कॅमेरे नसतील, तर माझी सही मिळणार नाही.'

"ही अट कुठल्या नियमात आहे?"

"नसेल तर घाला."

साहेबांनी पेन उघडलं, ती ओळ पुन्हा वाचली. खोडली मात्र नाही.

पुढे त्यांची बदली झाली. ती अजून हंगामीच आहे. दर सोमवारी काकांच्या जीपमधून रानात जाते आणि जोडीजोडीने बांधलेल्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलते.