बिनमालकाचं मशीन

क्लाउडवर विसरलेली मशीनं आणि ऑफिसातले किस्से, दोन्ही कोणी मुद्दाम साठवत नाही. एक दिवस यादी काढली की आपलेच डोळे पांढरे होतात. आमची यादी नानांनी काढायला लावली.

नाना आमचे मालक, फैजपूरचे केळीवाले. जळगावात आम्ही चौघं त्यांचं केळी कापणीचं अ‍ॅप सांभाळतो. कोणाच्या बागेत कधी कापणी, कोणती गाडी, सगळं त्यात. ते चालतं दूर कुठल्या तरी भाड्याच्या मशीनांवर, आणि भाडं तासावर. बिल वाढतच गेलं तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "तीन महिन्यांत निम्मं करा. नाही तर ऑफिस बंद." मी नुकतीच पुणं सोडून घरी आले होते. मी लगेच यादी काढायला बसले.

*

आमच्या चौघांतला जितू शिंदखेड्याचा. पंखा चालू राहिला तर अर्ध्या रस्त्यातून परत येऊन बंद करणारा माणूस! पहिल्याच दिवशी त्याच्या नावावर चाचणीची तीन मशीनं निघाली, गेल्या उन्हाळ्यापासून चालू. विचारलं तर म्हणाला, "ताई, पंखा फिरताना दिसतो तरी."

*

मी हसले खरी, पण पुढची पाळी माझीच होती. ऐन हंगामात अ‍ॅप अडकू नये म्हणून मी सगळ्यात मोठं मशीन घेतलं होतं. भर हंगामातही ते जवळजवळ रिकामंच. नानांनी वापराचा आलेख पाहिला. "दोघांच्या भरिताला लग्नाची कढई कायले?" मी त्याच दुपारी छोटं मशीन घेतलं. अ‍ॅपला कळलंसुद्धा नाही.

*

मग ठरलं, अ‍ॅपची मशीनं रात्री आपोआप बंद, सकाळी सातला सुरू. वेळ जितूनं लावली, मशीनचं घड्याळ परदेशी वेळेवर चालतं हे विसरून. अ‍ॅप उघडायला लागलं दुपारी साडेबाराला! आठवडाभर आम्हाला पत्ताच नाही, कारण एकही तक्रार नाही. शेवटी घाबरत एका बागाईतदारांना फोन केला. ते म्हणाले, "सकाळी हातात विळा असतो. मोबाईल जेवल्यावर."

ती चूक आम्ही तशीच ठेवली. नाना तिला नियोजन म्हणतात.

*

एवढं करूनही निम्म्याला थोडं कमीच पडत होतं. यादीत उरलं होतं एक बिनमालकाचं मशीन. नोकरी सोडून गेलेल्या कोणीतरी लावलेलं. नाव नाही, काम माहीत नाही, आणि भाडं सगळ्यात जास्त. हात लावायची कोणाची हिंमत होईना. नाना वैतागले. "केळीच्या खोडाशी फुटलेली पिलं आपण विचारून कापतो का? बंद करा. ज्याचं असेल तो बोंबलत येईल."

बंद केलं. तीन दिवस फोन वाजला की माझा जीव वरखाली. पण कोणीच बोंबललं नाही, आणि रोजचं बिल निम्म्याच्या खाली आलं. जितू म्हणाला, "ताई, बठ्ठं बंद शे, तरी बठ्ठं चालू शे." सगळं बंद, तरी सगळं चालू! मला इतकं हलकं वाटलं की मी डबा उघडून सगळ्यांना वाटून टाकला.

चौथ्या दिवशी सकाळी नाना आले. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "रोज चहा घेता घेता मी कॅमेऱ्यातून माझी बाग पाहतो. तीन दिवस झाले, पडदा काळा."

मी यादीतल्या त्या बिनमालकाच्या मशीनकडे पाहिलं. जितू खिडकीबाहेर बघू लागला. नानांनी आम्हा दोघांकडे पाहिलं.

मग त्यांनी मोबाईल खिशात टाकला. "राहू द्या बंदच," ते म्हणाले. "बाग घरामागंच आहे."