दस्त्यातला शेंदूर

माझं शुद्धलेखन कच्चं, अक्षरही वाकडं. चौथीनंतर शाळा सुटली. वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बंगळुरात ह्यांचं लाकडाला पॉलिश करायचं दुकान होतं. एका निवृत्त मेजरसाहेबांनी आपल्या वडिलांच्या जुन्या लष्करी रायफलीचा लाकडी दस्ता पॉलिशला दिला. नळी वगैरे घरी ठेवली, मागच्या टोकाची लोखंडी पत्री तेवढी दस्त्यालाच होती. काम करून परत दिलं, तर आठवड्याने साहेब तणतणत आले. कुणी जाणकाराने सांगितलं होतं की असल्या रायफलीला अक्रोडाचं लाकूड असतं, हे शिसवी आहे. म्हणजे आम्ही दस्ता बदलला. पोलिसांत जाईन म्हणाले. हे घाबरले, चिटी, म्हणजे भिशी, उचलून चार हजार भरले. भरले म्हणजे चोर, असं पेठेत झालं. गिऱ्हाईकं तुटली.

एका दुपारी जेवताना हे म्हणाले, "आधीच कुणी बदलला असणार. आत, नळीच्या खाचेत, नुसता गंज होता, लाल."

"लाकडाला कसला गंज? लाल होता का केशरी?"

"स्वल्प केशरीच. का?"

माझा घास तसाच राहिला. माझे वडील इथलेच, बंगळुरातले सुतार. मी लहान असताना ते बंदुकीचे दस्ते करायचे. लोखंड लाकडात नीट बसावं म्हणून बाकीचे त्याला काजळी फासून दाबतात, आणि काळं उठेल तिथे तासतात. काळ्या शिसवीवर काजळी दिसत नाही. म्हणून वडील देवघरातला शेंदूर तेलात कालवून लावायचे. कालवायला मी. माझ्या लग्नाआधीच त्यांनी ते काम सोडलं, ह्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

परक्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्याबरोबर साहेबांच्या घरी गेले.

"सरी, बरं, आता बायकोला पुढे केलं का, मेस्त्री?" साहेब म्हणाले.

मी जमिनीकडे बघत सांगितलं, "साहेब, मागची पत्री काढा. शिसवी जड, म्हणून माझे वडील पत्रीमागे दोन भोकं पाडायचे, बोट जाईल एवढी. कडेने शेंदूर असेल."

"तुम्ही पाहिलंय?"

"नाही. ह्यांनी पत्री काढलीच नव्हती."

स्क्रू गंजून बसले होते. साहेबांनी रॉकेल सोडलं, वाट पाहिली, मग स्वतःच पेचकस लावला. पत्री निघाली. दोन भोकं, कडेला केशरी डाग.

साहेब स्क्रू तळहातावर घेऊन बसले. "हे वर्षानुवर्षं कुणी फिरवलेले नाहीत, म्हणजे दस्ता तेव्हापासून हाच," म्हणाले. मग त्यांना हसू आलं. "मी सरहद्दीवर होतो. आमच्या म्हाताऱ्याने रायफल आपटून लाकूड फोडलं असणार, आणि मला पत्ता लागू दिला नाही. तुमच्या वडिलांनी काम मात्र असं केलं की तीस वर्षं मला संशय आला नाही, अक्का."

मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "चूक माझी. पेन्शनीतून देतो, एकदम जमणार नाही."

दर महिन्याला स्वतः दुकानात यायचे, पेठेतल्या चार माणसांसमोर हजार रुपये ह्यांच्या हातावर ठेवायचे. दुसऱ्या खेपेला जेवणाचं टेबलही पॉलिशला आणलं. ते बघून शेजारचे कपाट घेऊन आले. दिवाळीआधी शेवटचे हजार आले आणि चार हजार पुरे झाले.